दातांवर आळ

आठ-दहा महिन्यांच्या बाळाला जुलाब लागले की घरातली जाणती बाई आधी बोटाने हिरड्या चाचपून बघते. ‘दात येतायत, होतंच असं.’ त्या वयात दात येतात हे खरंच. पण सहा महिने ते दोन वर्षं हे रोटाव्हायरसचंही लाडकं वय. करतो विषाणू, आणि आळ येतो दातांवर.

१९७३पर्यंत डॉक्टरांनाही हा चोर दिसला नव्हता. त्या वर्षी मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या लहान आतड्याचा कणभर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींत विषाणूंची गर्दी होती. त्यांचा आकार चाकासारखा. लॅटिनमध्ये चाकाला ‘रोटा’ म्हणतात, त्यावरून पुढे हे नाव पडलं.

लहान आतड्याला आतून टर्किश टॉवेलसारखे रोंवे असतात. रोटा नेमका त्यांच्या शेंड्यावरच्या पेशी मारतो. दूध पचवणारं विकर याच पेशींत असतं, त्यामुळे न पचलेली दुधातली साखर आतड्यात पाणी ओढते. वर विषाणूचं एक प्रथिन स्वतःच विषासारखं वागून आणखी पाणी सोडायला लावतं. इथे अँटिबायोटिक काय करणार? ओआरएस मात्र चालतं, कारण वाचलेल्या पेशी मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं.

नोरो, ॲस्ट्रो, ॲडिनो हे विषाणूही मुलांना दवाखान्यात पोचवतात. पण लस येण्याआधी भारतात जुलाबाने भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्क्यांच्या शीमध्ये रोटा सापडत होता.

लसीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. ऐंशीच्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये काही नवजात बाळांना रोटाची लागण झाली, पण जुलाब झाले नाहीत; उलट पुढे तीव्र आजारापासून त्यांना संरक्षण मिळालं. त्या विषाणूत एक जनुक गाईच्या रोटाव्हायरसचं होतं. डॉ. महाराज किशन भान यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि त्यातूनच ‘रोटाव्हॅक’ तयार झाली. तिच्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याचीही बाळं होती. पहिल्या वर्षात तीव्र आजार सुमारे ५६ टक्क्यांनी घटला. आकडा छोटा वाटेल, पण इतक्या सर्रास आजारात तो फार मोठा आहे. २०१६पासून लस सरकारी कार्यक्रमात आली. पुण्याच्या सीरमनेही स्वतःची वेगळी लस काढली.

डोस तोंडातूनच, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. म्हणजे बहुतेक बाळांचा पहिला दात दिसायच्या आधीच.