एकशे पन्नास गुण आले कुठून? फिजिओथेरपी प्रवेशाच्या अटींची पार्श्वभूमी

बारावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, ही बातमी आता रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाला नवी वाटत नाही. गोंधळ होतो तो पुढे, प्रवेशाच्या वेळी. एक गुणपत्रिका समोर धरू: इंग्रजी ६९, मराठी ८४, भूगोल ८८, भौतिकशास्त्र ४६, रसायनशास्त्र ४७, जीवशास्त्र ५६. सहाशेपैकी ३९०, म्हणजे ६५ टक्के. घरात पेढे वाटले जातात. पण बी.पी.टी.एच. म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीसाठी फक्त शेवटचे तीन विषय मोजतात आणि त्यांची बेरीज होते १४९. खुल्या प्रवर्गाला तीनशेपैकी १५० हवेत. ४९.६७ चे पन्नास करून कुणी देत नाही. मराठी-भूगोलाचे गुण इथे कामाचे नाहीत. इंग्रजीत पास असावंच लागतं, पण त्याचे गुणही या बेरजेत येत नाहीत. मागास प्रवर्गांसाठी हीच रेषा १२० वर आहे.

ही रेषा आणि तिच्याभोवतीच्या बाकीच्या अटी वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारणांनी आल्या. कुठली अट का आली हे कळलं की कुठली टाळता येणार नाही तेही कळतं.

सुरुवात परळची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईत पोलिओने पाय लुळे पडलेल्या मुलांची संख्या वाढली. १९५० साली कमला निंबकर यांनी के.ई.एम. रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची (रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारांची) शाळा सुरू केली. पाठोपाठ त्याच आवारात जागतिक आरोग्य संघटना, राज्य सरकार आणि महापालिका यांच्या सहकार्याने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा उभी राहिली. १९५५ साली हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली आणि त्याच वर्षी भौतिकोपचार तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही स्थापन झाली.

त्या काळातलं काम बघितलं की विषयांची अट आपोआप उलगडते. पोलिओच्या मुलाचा एकेक स्नायू वेगळा तपासून त्याला शून्य ते पाच असा दर्जा द्यायचा. शून्य म्हणजे स्नायू आकुंचनच पावत नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल पूर्ण होते, पाच म्हणजे पूर्ण ताकद. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, त्याला कुठली नस जाते हे माहीत नसेल तर हा तक्ता भरताच येत नाही. म्हणून जीवशास्त्र. भौतिकशास्त्र आलं ते तरफा आणि विजेच्या उपकरणांमुळे. २७.१२ मेगाहर्ट्‌झची शॉर्टवेव्ह डायाथर्मी किंवा १ आणि ३ मेगाहर्ट्‌झचं अल्ट्रासाउंड चालवताना खोलवर उष्णता कुठे जाते आणि शरीरात धातूची पट्टी असेल तर भाजण्याचा धोका का असतो, हे ज्याला उमगत नाही त्याच्या हातात यंत्र देणं बरं नव्हे. जो पोलिओ या साऱ्याच्या मुळाशी होता त्याचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला. आज ओपीडीत गुडघे, कंबर आणि पक्षाघात जास्त. विषय मात्र तेच राहिले, आणि ते योग्यच आहे.

सुरुवातीला पदविका, मग पदवी. मुंबई विद्यापीठाची पदवी बरीच वर्षं ‘बी.एस्सी. (पी.टी.)’ या नावाची होती. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं, राज्यभरची महाविद्यालयं एका छत्राखाली आली आणि चार वर्षं अधिक सहा महिने इंटर्नशिप अशी साडेचार वर्षांची बी.पी.टी.एच. सगळीकडे सारखी झाली. योगायोग असा की कोकण रेल्वेही त्याच वर्षी पूर्ण मार्गावर धावू लागली. त्याआधी कुडाळहून परळला प्रवेशाची कागदपत्रं द्यायला जायचं म्हणजे एस.टी.त एक रात्र काढायची. पालिकेच्या जागा आजही मुंबईतच आहेत: के.ई.एम., नायर आणि शीव. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांचे पर्याय पनवेल-नवी मुंबईच्या बाजूला बरेच आहेत. अभिमत विद्यापीठांचे अर्ज आणि तारखा वेगळ्या असतात, ते राज्याच्या यादीत शोधू नयेत.

गुणांवरून थेट प्रवेश ही पद्धत नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत चालली. वेगवेगळ्या मंडळांच्या गुणांची तुलना कशी करायची हा वाद वाढला, मग राज्याची सीईटी म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा आली. बारावीचे गुण तेव्हापासून उंबरठ्यापुरते उरले: १५० ओलांडले की झालं, क्रम लागणार परीक्षेवर. नंतरचा काळ धरसोडीचा. ५ मे २०१३ ला पहिली नीट, म्हणजे देशभरासाठी एकच वैद्यकीय प्रवेश परीक्षा, झाली आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१४ आणि २०१५ ला पुन्हा राज्याची परीक्षा. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आधीचा निकाल मागे घेतला आणि नीट परतली. २०१७ पासून राज्याची वैद्यकीय सीईटी संपली आणि फिजिओथेरपीही नीटच्या रांगेत आली.

इथे दरवर्षी मुलं फसतात. राज्याची एमएचटी-सीईटी इतर शाखांसाठी अजून होते आणि तिला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटही आहे. ती दिली म्हणजे फिजिओथेरपीचं काम झालं असं समजणारे कमी नाहीत. तो पीसीबी गट औषधनिर्माण आणि कृषीसारख्या शाखांसाठी आहे. दुसरी चूक उलट बाजूची: नीट दिली, गुण कमी पडले, ‘एमबीबीएस तर मिळणार नाही’ म्हणून राज्याच्या सीईटी कक्षाकडे नोंदणीच केली नाही. नीट ही नुसती परीक्षा, प्रवेशाचा अर्ज नव्हे. फिजिओथेरपीला एमबीबीएसइतके गुण लागत नाहीत. नोंदणी, कागदपत्रं अपलोड करणं आणि पसंतीक्रम भरणं या तीन पायऱ्या स्वतंत्र आहेत आणि एक चुकली की ती फेरी गेली. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं. शाळेत लवकर घातलेल्या मुलांनी हे दहावीतच मोजून पाहावं.

अकरावीची निवड मात्र नीटच्याही आधी येते. छोट्या गावांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायफोकलला, म्हणजे विज्ञानाबरोबर घ्यायच्या व्यवसाय विषयाला, मागणी असते, कारण इलेक्ट्रॉनिक्ससारख्या दोनशे गुणांच्या विषयात टक्केवारी चांगली पडते. पण त्या जागेसाठी एक भाषा आणि एक विज्ञान विषय सोडावा लागतो. सोडलेला विषय जीवशास्त्र असेल तर दोन वर्षांनी हा दरवाजा बंद. जीवशास्त्र बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून घेता येईल, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिला, पण तो एमबीबीएससाठी. फिजिओथेरपी त्या आयोगाच्या अखत्यारीत येत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर अकरावीत जीवशास्त्र सोडू नये.

सिंधुदुर्गात आणखी एक खास खड्डा आहे. दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथली बरीच मुलं अकरावी-बारावीला गोव्यात जातात: अंतर कमी, नातेवाईक तिकडे, बस सोयीची. राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. अपवाद मोजके आहेत आणि सीमेजवळ घर असणं हा त्यातला नाही. कर्नाटकच्या वादग्रस्त सीमाभागासाठी सवलत आहे, ती गोव्याला लागू पडत नाही. बांद्याचं घर, सातबारा, रेशनकार्ड सगळं महाराष्ट्रातलं असूनही बारावी गोवा बोर्डाची असेल तर अर्ज तिथेच अडतो. याउलट एक जुनी भिंत पडली: आरोग्यविज्ञान प्रवेशांतलं ७०-३० चं प्रादेशिक वाटप (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झालं. कोकण तेव्हा ‘उर्वरित महाराष्ट्रा’त मोडायचा.

आणि कागद. कुणबी, भंडारी अशा इतर मागास वर्गांत जात वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा. आजोबा गिरणीत कामाला, त्यांची शाळा लालबागला, पणजोबांची नोंद गावच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, तिथे आडनावाऐवजी गावाचं नाव: चाकरमान्यांच्या घरात हे हमखास निघतं. आडनावाचा दुवा जोडणारा एक कागद, उदाहरणार्थ जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, नसला की समिती त्रुटी काढते आणि जुलै-ऑगस्ट त्यातच जातात. जिल्हा पडताळणी समितीकडे अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत टाकावा. नॉन-क्रीमीलेअरची, म्हणजे कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याची, मुदत ३१ मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेला दाखला प्रवेशाच्या वेळी बाद ठरू शकतो, ही दरसालची रड आहे.

व्यवसायाचं नियमन याहून उशिरा आलं. ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांच्या परिषदेसाठी महाराष्ट्राने २००२ चा कायदा केला. त्या नोंदणीशिवाय राज्यात व्यवसाय करता येत नाही. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायद्याने आणला आणि २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा देशपातळीवरचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला: पाच वर्षं, त्यात एक वर्षाची इंटर्नशिप. आपली तुकडी साडेचार वर्षांची की पाच, हे प्रवेश घेताना महाविद्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं. शुल्क, वसतिगृह आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते याच आकड्यावर ठरतात.