गायतोंडे यांच्या चित्रातून माणूस कधी गेला?

वासुदेव गायतोंडे हे नाव सर्वतोमुखी झालं ते लिलावामुळे. डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतल्या पहिल्याच लिलावात त्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना गेलं. पुढे तोही आकडा मागे पडला. दर विक्रमानंतर एक प्रश्न हमखास येतो : ‘यात नेमकं आहे तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर किमतीत सापडणार नाही, त्यासाठी जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत मागे जावं लागतं.

गायतोंडे यांचं घराणं गोव्याचं, जन्म १९२४ मध्ये नागपूरचा आणि वाढ गिरगावच्या चाळीत. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे.ची पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसंच रंगवत होते. पहाडी मुलखातल्या बसोली शैलीची लघुचित्रं आणि जैन पोथ्यांतली चित्रं यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता : सपाट रंग, धीट रेषा, तापलेला लाल आणि पिवळा. ही चित्रं पाहता पाहता त्यांनी एक प्रयोग केला. मनातल्या मनात आकृत्या काढून टाकल्या आणि उरलेल्या रंगांची परस्परांशी असलेली प्रमाणं तेवढी न्याहाळली. आकृती कधीकधी चित्रकाराला बांधून ठेवते, असं ते पुढे सांगत. माझ्या मते भारतीय अमूर्त, म्हणजे ओळखीची आकृती नसलेल्या, चित्रकलेतला हा फार महत्त्वाचा क्षण आहे. माणूस चित्रातून बाहेर पडला तो पोथीचं पान बघताना, परदेशी मासिक चाळताना नव्हे.

अर्थात परदेशाचा वारा मुंबईत होताच. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता आणि पुढे गायतोंडेही त्यात आले. युरोपातून मुंबईत स्थिरावलेले लँगहॅमर, श्लेसिंजर, फॉन लायडन यांच्यामुळे तरुण चित्रकारांना आधुनिक युरोपीय चित्रकलेची ओळख झाली होती. गायतोंडे यांना त्यातला स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले जवळचा वाटला. १९५० च्या दशकातल्या त्यांच्या कागदावरच्या कामांत क्लेची रेषा दिसते. बाकी फारसं कुणी दिसत नाही.

वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. त्याच वास्तूत हुसेन रंगवत, अल्काझी नाटकं बसवत, रविशंकरांचा सतारवर्ग चाले, आणि समोर समुद्र. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. होमी भाभांच्या आग्रहाने टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेने जो चित्रसंग्रह उभा केला त्यातही गायतोंडे आहेत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यू यॉर्कला गेले. त्यांची अमूर्तता तिथून आली, अमेरिकन अमूर्त चित्रकार रॉथकोकडून आली, असं पुष्कळदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. न्यू यॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात त्यांचं ‘पेंटिंग, ४’ आहे, ते १९६२ चं. म्हणजे निर्णय मुंबईतच झाला होता. अमेरिकेने दिला असेल तर धीर दिला.

गायतोंडे यांचं चित्र तयार कसं होई ते बघण्यासारखं आहे. उभा कॅनव्हास, आणि हातात ब्रशऐवजी बहुतेक रोलर आणि पॅलेट नाइफ. पातळ रंगाचा एक थर, त्यावर दुसरा, मग नाइफने थोडा खरवडून खालचा थर उघडा करायचा. वर्तमानपत्राचे किंवा मासिकाचे कापलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवायचे, रोलरने दाबायचे आणि उचलायचे. उमटतात ते ठसे कुठल्याशा हरवलेल्या लिपीसारखे दिसतात, पण वाचता येत नाहीत. या कामात नशिबाला वाव आहे. मात्र कोणता ठसा ठेवायचा आणि कोणता पुसायचा हे चित्रकारच ठरवतो. त्याआधी नुसतं बसणं आणि विचार करणं फार. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रं होत.

झेन, रमण महर्षी आणि गिरगावातलेच निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांची ओढ होती. म्हणून या चित्रांवर ‘ध्यान’, ‘शून्य’ असे शब्द पटकन चिकटवले जातात. शब्द चुकीचे नाहीत, पण ते उच्चारले की बघणं थांबतं, आणि चित्र कॅनव्हासवरच्या रंगात आहे.

१९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच सुमारास त्यांनी मुंबई सोडली आणि २००१ मध्ये निधन होईपर्यंत ते दिल्लीत राहिले, माणसांपासून लांब. १९८४ च्या अपघातानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास झेपेनासे झाले, तेव्हा कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली. माझी ती विशेष आवडती. रंग काढून घेतल्यावरही गायतोंडे उरतात, हे तिथे दिसतं.

न्यू यॉर्कच्या गुगेनहाइमने २०१४ मध्ये त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरवलं. या संग्रहालयाची सुरुवात १९३९ मध्ये कँडिन्स्कीसारख्यांच्या वस्तुनिरपेक्ष चित्रांसाठीच झाली होती, तेव्हा जागा योग्य होती. पण गायतोंडे यांचा खरा परिणाम त्याच्या कितीतरी आधी इथे झाला. भुलाभाईच्या वास्तूतच चित्रकार नसरीन मोहम्मदी यांना त्यांचं मार्गदर्शन लाभलं. नसरीन यांची पट्टी लावून ओढल्यासारखी काटेकोर, रंगहीन रेषा गायतोंडे यांच्या चित्रापासून कोसभर दूर आहे. नक्कल अशी त्यात काहीच नाही. कुठलीच वस्तू न दाखवता आयुष्यभर चित्र काढत राहता येतं, एवढं मात्र नसरीन यांनी जवळून पाहिलं होतं.