गावाचा अभ्यास कोणी छापला? ग्रामीण विदर्भ आणि स्वतंत्र ज्ञानप्रकाशनाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली. कोणत्या नियतकालिकातला शोधनिबंध ग्राह्य धरायचा, हे आता ज्या त्या विद्यापीठाने आणि महाविद्यालयाने ठरवायचं आहे. पुसद, दर्यापूर, ब्रह्मपुरी, अहेरी अशा ठिकाणी समाजशास्त्र, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांसाठी ही नुसती कार्यालयीन बाब नाही. आपण काय लिहायचं, कोणत्या भाषेत लिहायचं आणि कोणासाठी लिहायचं, हे गेली काही वर्षं अशा याद्या आणि पदोन्नतीसाठीच्या गुणांचे तक्तेच ठरवत आले. पण वऱ्हाड-झाडीपट्टीतल्या गावांबद्दल आज आपल्याला जे खरोखर माहीत आहे, ते कोणी अभ्यासलं आणि कोणी छापलं याचा माग काढू लागलो की या याद्यांच्या फार मागे जावं लागतं.

सुरुवात १८८३ पासून करणं योग्य. त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कर्ज, सारा, कोर्टकचेरी, नोकरशाही आणि भटशाही यांच्या कात्रीत शेतकरी कसा सापडतो, याची इतकी सविस्तर मांडणी तोवर मराठीत झालेली नव्हती. सुरुवातीची प्रकरणं नारायण मेघाजी लोखंड्यांच्या ‘दीनबंधु’त आली आणि पुढची त्यांनी छापली नाहीत. लोखंडे फुल्यांचेच सहकारी, पत्र सत्यशोधक चळवळीचंच. तरीही सरकारवरची टीका छापण्याची जोखीम त्यांना पेलवली नाही. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणं सांगणारा मजकूर तयार होता, अडला तो छपाईपाशी. पुढच्या काळात हा प्रसंग वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं अध्यक्षीय भाषण नाकारलं. त्यांनी ते ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने स्वतः छापून काढलं आणि १५०० प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. भारतीय जातिव्यवस्थेवरचं सर्वाधिक वाचलं गेलेलं विवेचन असं पदरमोड करून बाहेर आलं. त्याचा खरा वाचक पुढे विदर्भात तयार झाला. १९५६ नंतर दरवर्षी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ठेले लागतात. यवतमाळ, भंडारा, चंद्रपूर, वाशीमच्या खेड्यांतून आलेली माणसं, त्यांत रोजमजुरी करणाऱ्या बायाही असतात, ठेल्यापुढे उभी राहून पानं चाळतात, किंमत विचारतात आणि भाकरीच्या पिशवीत एखादी पुस्तिका घालून गावी नेतात. छोट्या प्रकाशकांचं वर्षाचं अर्धं गणित या दोन-तीन दिवसांवर असतं. समाजशास्त्राला वाचक नाही असं म्हणणाऱ्याने एकदा तरी दसऱ्याला नागपुरात यावं.

याच परंपरेत १९८९ साली उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून केलेलं हे काम ‘स्त्री उवाच’ या छोट्या स्त्रीवादी प्रकाशनाने छापलं. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित स्त्रियांची मोठी परिषद झाली आणि अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे तिच्या अध्यक्ष होत्या, ही माहिती अभ्यासकांच्या चर्चेत ठळकपणे आली ती अशा कामामुळेच. त्या स्त्रियांच्या तोंडी आठवणी हेच जिथे मुख्य साधन होतं, तिथे नुसत्या सरकारी कागदपत्रांत शोधणाऱ्याच्या हाती काय लागलं असतं?

दुसरा धागा वर्ध्याचा. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा हे त्याचे सूत्रधार. पेशाने हिशेबतपासनीस, कोलंबिया विद्यापीठात शिकलेले. ब्रिटिश राजस्व आणि भारतीय दारिद्र्य यांच्या संबंधावरचा त्यांचा प्रबंध गांधीजींनी ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला होता. गुजरातेतल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणीही त्यांनी केली होती. मगनवाडीतून ते ‘ग्राम उद्योग पत्रिका’ चालवू लागले. तेलघाणी, हातकागद, गूळ, हातसडीचा तांदूळ, मधमाशीपालन हे तिचे विषय. पण ती नुसती उद्योगांची माहितीपत्रिका नव्हती. गावातला पैसा कोणत्या वाटेने बाहेर जातो, गिरणी आली की कोणाचं काम जातं, कोणाच्या ताटातून काय कमी होतं, असे अर्थशास्त्राचे मूळ प्रश्न ती विचारत होती.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर उद्योगपाहणी समिती नेमली गेली आणि कुमारप्पा तिचे अध्यक्ष झाले. समितीने ६०६ गावांची पाहणी केली. हे काम सरकारी होतं हे खरंच. मात्र प्रश्न कोणते विचारायचे, आकडे कशासाठी गोळा करायचे, ही दृष्टी मगनवाडीत घडलेली होती. वसाहतकाळातल्या वऱ्हाडाच्या नोंदी बहुतेक सारावसुली आणि कापूस यांच्याभोवती फिरतात. गाठी किती गेल्या, भाव काय निघाला, सारा किती जमला. कापूस वेचणारी बाई काय खाते, हा प्रश्न त्या नोंदींच्या चौकटीबाहेरचा. कुमारप्पांनी हिशेबाची वही उलट्या बाजूने उघडली. विदर्भातल्या समाजविज्ञानाच्या इतिहासात मगनवाडीला जितकी जागा मिळायला हवी तितकी अजून मिळालेली नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता मुंबईकडे. जानेवारी १९४९ मध्ये सचिन चौधरींनी ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केलं. मालकांशी मतभेद होऊन १९६५ अखेर ते बंद पडलं. तेव्हा अभ्यासक, वाचक आणि स्नेह्यांनी पैसे उभे केले आणि ऑगस्ट १९६६ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ निघालं. या वेळी मालकी कोणा उद्योगघराण्याकडे गेली नाही, समीक्षा ट्रस्टकडे आली. त्या वर्षअखेरीस चौधरी गेले. १९६९ पासून २००४ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, कृष्णराज संपादक होते. १९७१ च्या जानेवारीत अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचं भारतातल्या दारिद्र्यावरचं काम याच साप्ताहिकात आलं आणि दारिद्र्यरेषेच्या वादाला तोंड फुटलं. एकाच अंकात चालू घडामोडींवरचं टिपण आणि तक्त्यांनी भरलेला दीर्घ लेख असायचा. नावाजलेल्या प्राध्यापकाच्या लेखाशेजारी एखाद्या कार्यकर्त्याचं गावातून लिहिलेलं टिपणही असायचं. ही मांडणीच महत्त्वाची होती, कारण त्यामुळे गावातलं निरीक्षण आणि विद्यापीठातला सिद्धांत एकमेकांना तपासू लागले.

याचं मोल विदर्भाला कळलं ते शेतकरी आत्महत्यांच्या वेळी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बातम्या येऊ लागल्या, तेव्हा पहिली स्पष्टीकरणं ठरलेली होती: दारू, घरगुती भांडण, मानसिक आजार. गावात तलाठी पंचनामा करायचा आणि प्रकरण मदतीला ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरायचं. सातबारा मृताच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचं की सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, असे निकष. सावकाराचं कर्ज तोंडी असतं, त्याचा कागद कुठून आणणार? वावर बापाच्या नावावर आणि मेला तो कसणारा मुलगा, तर अडचण. मक्त्याने जमीन कसणारा असेल तर अडचण. बाई असेल तर तिला कास्तकार म्हणायलाच कोणी तयार नाही.

मुंबई उच्च न्यायालयात हा प्रश्न गेल्यानंतर टाटा समाजविज्ञान संस्था आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था यांचे अभ्यास झाले. यांतल्या दुसऱ्या संस्थेच्या सृजित मिश्रा यांनी जानेवारी २००६ मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला आणि एप्रिलमध्ये त्यांचा लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. राज्यातल्या पुरुष शेतकऱ्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण १९९५ साली लाखामागे १७ होतं, ते २००४ पर्यंत ५३ झालं, असं त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. एकूण पुरुषांमधली वाढ याच्या जवळपासही नव्हती. ‘लोक सगळीकडेच आत्महत्या करतात’ हा युक्तिवाद इथे संपला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ घरं त्यांनी पाहिली आणि आत्महत्या न झालेल्या घरांशी त्यांची तुलना केली. कर्ज आणि घरची खालावलेली आर्थिक स्थिती ही कारणं त्या तुलनेतून ठळक झाली. नुसत्या दुःखी घरांत जाऊन कारणं विचारली असती तर हे सिद्ध झालं नसतं. शेजारचं, तशीच कोरडवाहू जमीन असलेलं घर का तगलं, हे विचारल्यावर उत्तराला वजन आलं.

अहवाल सरकारनेच मागवलेला होता. पण अहवाल मंत्रालयाच्या कपाटात राहू शकतो. नियतकालिकात छापून आल्यावर पद्धत, आकडे, मर्यादा सगळं उघड्यावर येतं, दुसरा अभ्यासक ते खोडू शकतो, वकील न्यायालयात दाखवू शकतो, पत्रकार त्यावरून प्रश्न विचारू शकतो. पुढे २००८ मध्ये अर्थशास्त्रज्ञ के. नागराज यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांवरून देशाचं चित्र मांडलं, तेव्हा वादाची पातळी आधीच बदललेली होती. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी पश्चिम विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ते पुरेसं होतं असं कोणी म्हणणार नाही. पण तोवर ‘कास्तकार दारू पिऊन मरतो’ एवढं बोलून कोणाला सुटता येत नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मनाला लागते. ज्या १११ घरांनी दारं उघडली, रडत रडत हिशेब सांगितला, त्यांच्या हाती त्यातलं काय आलं? लेख इंग्रजीत होता. मराठीत नियतकालिकं नव्हती असं नाही. वाईहून ‘नवभारत’ निघत होतं, पुण्याहून ‘समाज प्रबोधन पत्रिका’, मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ होतं. नागपूरला तर १९९० मध्ये दि. य. देशपांड्यांनी ‘नवा सुधारक’ सुरू केलं, जे पुढे ‘आजचा सुधारक’ झालं. देशपांडे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आगरकरांचा वारसा सांगणारे. नंतर नंदा खरे यांच्यासारख्यांनी ते सांभाळलं. शेती, जात, शहरं, विज्ञान यांवर तिथे धसाला लावून लिहिलं गेलं, वाचकांच्या पत्रांतून वाद झडले. वर्गणीदार मोजके, काम करणारे बिनपगारी. अशी मासिकं थकतात ती विषय संपले म्हणून थकत नाहीत. पत्ते लिहिणारे, मुद्रितं तपासणारे, टपालात टाकणारे हात कमी होत जातात.

आणि नेमक्या त्याच काळात गुणांची पद्धत आली. २०१० पासून पदोन्नतीसाठी शोधनिबंधांचे गुण मोजले जाऊ लागले, पीएच.डी.साठी निबंध छापणं सक्तीचं झालं. मागणी वाढली तशी दुकानं उघडली. ‘पैसे भरा, आठ दिवसांत छापून देतो’ असे निरोप प्राध्यापकांच्या मोबाइलवर येतात, सोबत क्रमांक, शिक्का, प्रमाणपत्र सगळं. निबंध कोणी वाचत नाही, छापणाराही वाचत नाही. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४३०५ नियतकालिकं एका झटक्यात काढली, यावरून पसारा किती होता ते कळतं. मग ‘केअर’ आली. २०२२ मध्ये पीएच.डी.साठीची सक्ती गेली आणि आता ‘केअर’ही गेली. या गोंधळात प्रामाणिक मराठी नियतकालिकं दोन्हीकडून भरडली गेली: यादीत नाव नसलं तर प्राध्यापक लिहिणार नाही, आणि पैसे घेऊन छापायला ती तयार नव्हती.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना ती वाचता येतात. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला परदेशी नियतकालिक मिळत असेल तर ते चांगलंच आहे. पण हा पैसा वाचण्यासाठी आहे, आणि जातो तो मोठ्या प्रकाशन कंपन्यांकडे. इथे लिहिलं जाणारं, इथल्या भाषेत छापलं जाणारं नियतकालिक त्याच्या हिशेबात कुठेच नाही.

वेगळी वाट गडचिरोलीच्याच मेंढा (लेखा) गावाने दाखवली आहे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट चालला. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसून कायदा, जंगल, बांबू यांचा अभ्यास करत आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होत. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकील यांनी या प्रवासावर मराठीत पुस्तक लिहिलं, ते मौजेने २०१२ साली छापलं. ज्या गावाचा अभ्यास झाला त्या गावाला तो वाचता येतो, त्यावर हरकत घेता येते.

नागपूर, अमरावती आणि गडचिरोलीच्या विद्यापीठांना आता स्वतःचे निकष ठरवायचे आहेत. त्यांत मराठीतून, कोणतंही शुल्क न घेता आणि जाणकारांकडून तपासून छापणाऱ्या नियतकालिकांना इंग्रजीच्या बरोबरीचे गुण द्यायला हवेत. आणि गावात जाऊन केलेल्या प्रत्येक अभ्यासाचं मराठी टिपण त्या गावच्या ग्रामपंचायतीत पोचवण्याची अट त्याच नियमांत घालायला हवी.