रंगाचे थर चढवले की लाकूड कुजत नाही?

‘वाड्याच्या बाहेरच्या लाकडावर दरवर्षी ऑइल पेंटचा हात मारा, पाणी आत शिरणार नाही’ हा सल्ला जुन्या नाशकात वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण ताजा रंग खरंच पाणी अडवतो.

पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. जाड, कडक झालेल्या रंगाला तेवढं ताणता येत नाही, मग सांध्यांशी आणि खांबाच्या तळाशी बारीक चिरा पडतात. पाणी तिथूनच शिरतं, आणि वरच्या थरांमुळे सुकायला वाट मिळत नाही. ओल साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकली की कुजवणारी बुरशी वाढू लागते. सागवानही कायमचं सुटत नाही. त्याच्या बाहेरच्या फिकट भागात तर कुजण्याला तोंड देण्याची ताकद फारच कमी.

घरी तपासून बघा. रंग फुगलाय तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. सहज रुतलं तर आत कुजलंय. उघड्या लाकडावर पाणी शिंपडा. थेंब न थांबता लगेच मुरले, तर संरक्षण उरलेलं नाही.

सुटे थर काढा, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलं करून, मास्क लावूनच घासा. लाकूड पूर्ण सुकू द्या. मग पापुद्रा न धरता मुरणारं, बाहेरच्या वापराचं वुड स्टेन लावा. हे काम उन्हाळ्यात उरकलेलं बरं.