हॉस्पिटल मॅनेजमेंटच्या 'पॅकेज'मागचा इतिहास

पूर्वी मुंबईतलं इस्पितळ चालवणं हे डॉक्टरचंच काम होतं. परळचं पालिकेचं मोठं रुग्णालय 1926 चं. तिथल्या अधिष्ठात्याच्या खुर्चीत आजही डॉक्टरच बसतो. इस्पितळ-व्यवस्थापन शिकवणं दिल्लीत साठच्या दशकात सुरू झालं, तेही डॉक्टरांसाठीच. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आधी पदविका आली, एमएचए ही इस्पितळ-प्रशासनाची पदव्युत्तर पदवी 2000 च्या सुमारास.

या पदवीला खरी मागणी वाढली ती कॅशलेस विम्यामुळे. विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थांचे, म्हणजे टीपीएंचे, नियम 2001 मध्ये आले आणि प्रत्येक खासगी इस्पितळात एक नवी खिडकी उघडली. डॉक्टर अकराला डिस्चार्ज लिहून मोकळे होतात. टीपीएचं फायनल अप्रूव्हल मात्र पाच वाजले तरी येत नाही. नातेवाईक बॅग भरून बाकावर, आणि खिडकीमागे नुकताच एमएचए झालेला बीएचएमएस किंवा बीडीएस पोरगा क्वेरीला उत्तर टाइप करतोय. पुढे मानांकनं आली, क्वालिटी विभाग आले, जागा वाढल्या. दवाखाना थाटण्यापेक्षा हे बरं, म्हणून होमिओपॅथ, दंतवैद्य आणि फिजिओंची रांग लागली. रांग जितकी लांब, पगार मात्र तितका आखूड.

याच काळात 'पगार' जाऊन 'पॅकेज' आलं. गोंधळ सगळा या शब्दात आहे. समजा, ऑफर सहा लाखांची आहे. घरी सांगितलं जातं, महिना पन्नास हजार. आता कागद उघडा. बेसिक निम्मं, म्हणजे तीन लाख. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 36,000. तो पॅकेजमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 14,430. ती साधारणपणे पाच वर्षं टिकलात तर. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, 60,000, मिळालं तर. ग्रुप विम्याचा हप्ता, समजा, 6,000. उरलेल्यातून तुमचा स्वतःचा पीएफ पुन्हा 36,000 आणि व्यवसाय कर 2,500 (महिना 200, फेब्रुवारीत 300). हातात येतात महिना सदतीस हजार. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं, पण शिकवणाऱ्या संस्थेच्या माहितीपत्रकावर छापला जातो तो सहाचा आकडा. फी मात्र रोख भरावी लागते, तिच्यात व्हेरिएबल नसतं.

वेतन संहिता या केंद्रीय कायद्याने 2019 मध्ये यावर बोट ठेवलं: वेतनातून वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. त्याने पीएफचा पाया रुंदावू शकतो. हातातली रक्कम वाढेलच असं नाही.

दुसरी गोम सरासरी पॅकेजची. एमएचएच्या एकाच वर्गात दहा वर्षं नोकरी केलेला एमबीबीएस असतो आणि कालपर्यंत इंटर्न असलेली बीडीएस मुलगीही. दोघांची बेरीज करून भागाकार केला की आकडा कुणाचाच राहत नाही. अमेरिकेत कर-नोंदींवरून अभ्यासक्रमवार मिळकत सरकारच जाहीर करतं, अर्थात सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांपुरतीच. आपल्याकडे 2016 पासूनच्या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी (एनआयआरएफ) संस्था मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात बरोबर मधला, पगार कळवतात, पण तो दोन वर्षांच्या सगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा एकत्र आणि फक्त प्लेसमेंट झालेल्यांचा. डोंबिवलीला वडिलांच्या नर्सिंग होममध्ये जाऊन बसलेला त्यात नसतो.