गर्भाशयभ्रंश : शस्त्रोपचार (बेळगाव सीमाभाग)

श्रोणितळाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू व बंध सैल पडल्याने गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात उतरण्याचा विकार. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी बायका याला ‘अंग बाहेर येणे’ किंवा ‘पिशवी खाली येणे’ म्हणतात. शेजारची कन्नड बाई ‘गर्भकोश जारुवुदु’ म्हणजे गर्भाशय घसरणे असे म्हणते.

प्राचीन उल्लेखांविषयी मतभेद आहेत. आयुर्वेदातील वीस योनिव्यापदांपैकी (स्त्री-जननमार्गाच्या विकारांपैकी) महायोनी, अंडिनी व प्रस्रंसिनी या तिन्हींशी भ्रंशाची सांगड घातली जाते. चरकाची महायोनी उघड्या मुखाची, वेदनायुक्त व मांस वर आलेली आहे. तिचे कारण मात्र विषम शय्येवरील मैथुन असे दिले आहे, प्रसूती नव्हे. प्रस्रंसिनीच्या लक्षणात पाठभेद आहे. ‘स्यन्दते’ घेतल्यास स्रावाचा, ‘स्रंसते’ घेतल्यास घसरण्याचा अर्थ निघतो. सुश्रुताच्या उत्तरतंत्रातील चिकित्सा पाहता दुसरा अर्थ अधिक जुळतो: तूप लावून, दुधाने शेकून अंग आत सारावे, वर वेसवार (मसाल्याचे कुटलेले मांस) ठेवून पट्टी बांधावी. नुसत्या स्रावाला आत सारण्याची गरज नसते. हा उपाय शस्त्रकर्माचा नसून आजच्या रिंग पेसरीच्या (गर्भाशयाला आधार द्यायला योनीत बसवायच्या कड्याच्या) जातीचा आहे.

आधुनिक शस्त्रक्रियांपैकी योनिमार्ग अंशतः शिवून बंद करण्याची पद्धत ले फोर यांच्या नावे (१८७७) ओळखली जाते. वॉर्साचे नॉयगेबाउअर यांनी ती १८६७ च्या सुमारास केली होती, परंतु वृत्तांत १८८१ मध्ये छापला. त्यामुळे श्रेयाबद्दल वाद आहे. मँचेस्टर शस्त्रक्रिया डोनल्ड यांनी १८८८ च्या सुमारास सुरू केली व फोदरगिल यांनी सुधारली. तीत गर्भाशयमुखाचा लांबलेला भाग कापून बाजूचे बंध पुढे आणून शिवतात, गर्भाशय राहते. मुंबईचे वि. ना. शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी मुख न कापता त्रिकास्थीकडील (कण्याच्या खालच्या टोकाच्या हाडाकडील) बंध पुढे घेण्याचा फेरफार केला, तो मूल हव्या असलेल्या स्त्रियांसाठी. गोव्यातील शिरोडे गावी जन्मलेल्या शिरोडकरांचे शालेय शिक्षण हुबळीत झाले, हे या भागाच्या संदर्भात नोंदण्याजोगे. पोटावाटे पट्टीने गर्भाशय टांगण्याच्या शिरोडकर व पुरंदरे यांच्या पद्धती भारतीय पाठ्यपुस्तकांत रूढ आहेत.

साधने तुटपुंजी असलेल्या ठिकाणी योनिमार्गे करण्याच्या, रुग्णाच्याच ऊतींवर भिस्त असलेल्या शस्त्रक्रिया सोयीच्या ठरतात. पाठीच्या इंजेक्शनची भूल, साधी उपकरणे व विरघळणारा धागा एवढ्यावर त्या होतात. दुर्बीण लागत नाही, पोट उघडावे लागत नाही. भ्रंशासाठी योनीतून बसवण्याच्या कृत्रिम जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. त्या दिशेने न गेलेल्या लहान दवाखान्यांचे त्यात काही नुकसान झाले नाही. चाळिशीपुढील, कुटुंब पूर्ण झालेल्या स्त्रीत पिशवी काढून पुढची-मागची भिंत शिवणे हा सर्वत्र रुळलेला मार्ग आहे. मात्र घसरते ते गर्भाशय असले तरी दोष त्याला धरणाऱ्या बंधांत असतो. पिशवी काढली आणि बंध योनीच्या टोकाला नीट बांधले नाहीत, तर पुढे ते टोकच खाली येते, आणि ते दुरुस्त करणे पहिल्या शस्त्रक्रियेहून अवघड असते. अतिवृद्ध वा अशक्त रुग्णात ले फोर पद्धत स्थानिक भुलीवरही होते. तिच्यानंतर संभोग शक्य राहत नाही व गर्भाशयमुखाची तपासणीही होत नाही. म्हणून संमती खुद्द बाईची, तिला कळणाऱ्या भाषेत घ्यावी लागते. मुलाची सही तिथे पुरत नाही.

शस्त्रक्रियेआधी रक्तक्षय भरून काढणे, लघवीचा संसर्ग आटोक्यात आणणे आणि घासून झालेला व्रण औषधाच्या पॅकने (योनीत ठेवायच्या औषधी बोळ्याने) बरा करणे आवश्यक असते. या पॅकसाठी अनेक दिवस दवाखान्यात राहावे लागते. नंतर निदान सहा आठवडे जड उचलणे वर्ज्य. रोपलावण, गवताचे भारे, जळणाच्या मोळ्या यांत गेलेल्या घरात हे पाळणे कठीण, म्हणून सुगी आटोपल्यावर ऑपरेशन ठरवणे व्यवहार्य ठरते. पेसरीला दर तीन-सहा महिन्यांनी काढून तपासणे लागते. पावसाळ्यात भीमगड अभयारण्यातील गवाळी, आमगाव यांसारख्या गावांतून ते जमणे अवघडच.

बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे. त्याआधीपासून सीमाभागातील रुग्ण रेल्वेने मिरजेच्या मिशन दवाखान्यात जात. तो मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी उभारला. निपाणीला कोल्हापूर जवळ पडते. खर्चासाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, तिला कर्नाटकाने हरकत घेतली.