सूर्याची खरखर: सौरज्वाला आणि रेडिओ स्फोटांची पार्श्वभूमी

सांगली आणि धारवाड, दोन्ही आकाशवाण्या ऐकत वाढलेल्या बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला रेडिओची खरखर नवी नाही. ती बहुतेक वेळा वळवाच्या विजांची, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीची. सूर्यही अशी खरखर पाठवतो, हे कळलं ते मात्र महायुद्धात.

फेब्रुवारी १९४२ च्या अखेरीस ब्रिटिश सैन्याची रडार गोंगाटाने भरून गेली. संशय जर्मनांवर. जेम्स स्टॅनली हेय या शास्त्रज्ञाने ठिकठिकाणच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर गोंगाटाची दिशा सूर्याबरोबर सरकत होती आणि सूर्यबिंबावर डागांचा मोठा समूह होता. त्याच सुमारास, २८ फेब्रुवारीला, विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे एकाएकी चढले. स्कॉट फोरबुश या शास्त्रज्ञाने त्याचा संबंध सौरज्वालेशी, म्हणजे सूर्यावर अचानक उठणाऱ्या भडक्याशी, लावला. सूर्यावरून सुटलेल्या अतिवेगवान कणांचा मारा थेट जमिनीपर्यंत जाणवला होता. दोघांचेही निष्कर्ष १९४६ मध्ये छापून आले. आवाज आणि कण यांचं नातं त्या एकाच आठवड्यात दडलेलं होतं, हे मला या इतिहासातलं सर्वांत विलक्षण वाटतं.

पुढची मजल ऑस्ट्रेलियात मारली गेली. रुबी पेन-स्कॉट आणि सहकाऱ्यांना १९४७ मध्ये दिसलं, की एकच स्फोट आधी वरच्या आणि मग खालच्या वारंवारतेवर पोचतो. पॉल वाइल्ड यांनी १९५० मध्ये अशा स्फोटांचे प्रकार पाडले. ज्वालेत चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळतात, त्या ऊर्जेने इलेक्ट्रॉन वेग घेतात. ते वर जाताना सौरवायू विरळ होत जातो, म्हणून त्यातून उठणाऱ्या रेडिओ लहरीची वारंवारताही खाली उतरते. तिसऱ्या प्रकारात ती १०० मेगाहर्ट्झवरून ३० वर काही सेकंदांत येते. त्यावरून इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या साधारण एक तृतीयांश निघतो. दुसरा प्रकार संथ, मिनिटं घेणारा. त्यामागे सेकंदाला हजारेक किलोमीटरने धावणारी आघात-लहर असते.

आपल्या सीमाभागाला हा अभ्यास दोन्ही बाजूंनी जवळ आहे. कर्नाटकात गौरीबिदनूरची वेधशाळा १९७६ पासून सूर्य ऐकते. महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. खानापूर-चिकोडीच्या शाळांनी पोरांना एकदा तरी तिथे न्यावंच. सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं यान आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये आपल्या जागी पोचलं. ज्वालेतून खाली आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे क्ष-किरण त्यावरचं हेलिओस हे उपकरण टिपतं, वर निसटलेल्यांच्या लहरी गौरीबिदनूरला ऐकू येतात.